बर्फात बीगल सोडताना: सशाचा माग, कुत्र्याचं नाक आणि हवेची लहर

मार्क्वेटकर (धागाकर्ता)

अमेरिकेत उतरणाऱ्या बऱ्याच मराठी माणसांची बीगलशी पहिली गाठ विमानतळावर पडते. सामानाच्या पट्ट्यापाशी हिरवं जाकीट घातलेलं लोंबकळत्या कानांचं कुत्रं येतं, पिशवी हुंगतं आणि गुपचूप खाली बसतं. आईने साडीत गुंडाळून दिलेला हापूस तिथेच संपला म्हणायचा. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सुरू झालेली ही 'बीगल ब्रिगेड'. पण या जातीचं नाक आंब्यासाठी घडवलेलं नाही, ते सशासाठी आहे. धागा त्याबद्दलच.

मी मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात राहतो. इथे सगळे त्याला यूपी म्हणतात, त्यामुळे 'यूपीत असतो' म्हटलं की गावाकडचे काका लखनौचा उन्हाळा कसा आहे विचारतात. उन्हाळा इथे नावालाच. लेक सुपीरियरवरून वारा आला की बर्फ पडतो आणि पडतच राहतो. वरच्या कीविनॉ भागात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९० इंच बर्फ पडला होता, तो विक्रम रस्त्याकडेला मोठ्ठी उभी पट्टी करून मिरवलेला आहे. शेजारी फिनिश वंशाचे एक आजोबा आहेत. घरामागे सौना, म्हणजे वाफेचं स्नानघर, आणि सौनामागे बीगलांची घरं. गेले काही हिवाळे मी त्यांच्याबरोबर रानात जातो. बंदूक आजोबांची. मी कुत्री सोडतो, गोळा करतो आणि मधल्या वेळात बर्फात कंबरेपर्यंत रुतून बसतो.

आधी ही शिकार चालते कशी ते सांगतो, कारण मला वाटायचं कुत्रा सशाला पळून पकडतो. तसं अजिबात नाही. बीगल ससा उठवतो आणि त्याच्या वासावर ओरडत मागे लागतो. ससा आपला मुलूख सोडून जात नाही, गोल फिरून जवळपास उठला तिथेच परत येतो. माणसाने त्या जागेपाशी मोकळी नजर मिळेल असं उभं राहायचं आणि हलायचं नाही. बीगलचे पाय आखूड आहेत हा दोष नव्हे, तेच तर हवं आहे. वेगाने मागे लागलं तर ससा बिळात शिरतो. मागून आरामात गोंगाट येत राहिला की तो घाबरून जात नाही, पुढे पुढे टुणटुणत राहतो. अनेकदा ससा येऊन गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी कुत्री येतात, अगदी त्याच रेषेवर.

इथे दोन प्रकार. दक्षिण मिशिगनच्या शेतांच्या बांधांवर, काटेरी झुडपांत कॉटनटेल असतो. त्याचा घेरा लहान, आणि जिवावर बेतलं की ग्राउंडहॉगच्या जुन्या बिळात गडप. आमच्याकडे उत्तरेत स्नोशू हेअर. हिवाळ्यात पांढरा, मागचे पाय पसरट, बिळात कधीच जात नाही. सीडर आणि स्प्रूसच्या दलदलीतून तो अर्ध्या अर्ध्या मैलाचे घेरे घेतो. पांढऱ्यावर पांढरा, त्यामुळे आधी दिसतो तो काळा डोळा आणि कानांची काळी टोकं.

आता बर्फ. 'स्नो पडलाय, चला' असं नसतं. आजोबा सकाळी कुत्र्यांकडे बघण्याआधी बुटाने बर्फ चेपून बघतात.

सगळ्यात चांगला दिवस म्हणजे पारा २५ ते ३५ फॅरनहाइटच्या दरम्यान, आभाळ भरलेलं, वारा पडलेला आणि खाली घोट्याइतका जुना दमट बर्फ. अशा दिवशी वास जमिनीलगत धरून राहतो आणि कुत्री मान वर न करता पळतात. पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला की वासाचे कण उडेनासे होतात. कोरडा भुसभुशीत बर्फ नाकात जातो, कुत्रं शिंकत बसतं, चार पावलं माग, मग शांतता. झाडावरचं बर्फ वितळून टपटपायला लागलं तरी वास धुऊन निघतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस पडून रात्रीत गोठलेला कडक थर. ससा वरून तरंगत जातो. कुत्र्याचा पाय दर पावलाला आत जातो, बाहेर काढताना धारेवर खरवडतो. थोड्या वेळात मागावर रक्ताचे ठिपके दिसू लागतात. त्या दिवशी आजोबा कुत्री सोडतच नाहीत, कितीही लांबून पाहुणे आलेले असोत.

नवा बर्फ पडला की दुसऱ्याच सकाळी धावायची घाई बहुतेकांना असते. ससे वादळाच्या रात्री फांद्यांखाली दडून बसतात, सकाळी खुणाच नसतात. आणखी एक रात्र जाऊ द्यावी.

बर्फाचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. कोरड्या जमिनीवर कुत्रं ओरडलं की आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. बर्फावर ससा कुठून गेला ते आपल्यालाही दिसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, या जातीचं कुत्रं लगेच उघडं पडतं: खूण डावीकडे वळलीये आणि हे सरळ भुंकत चाललंय. काही कुत्री स्वतः माग काढतच नाहीत, दुसऱ्याच्या आवाजावर कडेकडेने पळून पुढे घुसतात. काही उलटा माग धरतात, म्हणजे ससा जिकडून आला तिकडे. ज्या म्हाताऱ्या कुत्रीला मी मंद समजायचो, ती प्रत्येक वळण जसंच्या तसं घेते हे मला बर्फावरच दिसलं.

खूण वाचताना एक लक्षात ठेवा. ससा उडी मारतो तेव्हा मागचे मोठे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात. म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. नवखा माणूस हमखास उलटं वाचतो आणि कुत्र्याला दोष देतो.

इथे कोणी हे केलंय का? भारतातल्या शिकारी कुत्र्यांबद्दलही वाचायला आवडेल.

कुंपणावरची

लेख छान, पण मला शेवटपर्यंत वाचवला नाही. सशाला तासभर पळवायचं आणि मग मारायचं, यात मजा कसली? अंडंसुद्धा न खाणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे असेल.

मार्क्वेटकर

@कुंपणावरची, तुमचं म्हणणं समजतं. मी स्वतः बंदूक धरत नाही ते त्यामुळेच असेल, मी नीट ठरवलेलं नाही. दोनच गोष्टी सांगतो. इथे दिवसाला माणशी ५ ची मर्यादा आहे, आणि आजोबा बऱ्याचदा एकावरच थांबतात कारण घरात खाणारे दोघं. आणि पुष्कळ बीगलवाले बंदूक नेतच नाहीत. कुत्र्यांच्या माग काढण्याच्या स्पर्धा होतात, त्यात ससा मारत नाहीत. परीक्षक फक्त कोण किती अचूक माग काढतं ते बघतात. नॅशनल बीगल क्लब १८८८ पासून आहे. ससा त्या दिवशीही पळतो, हे मात्र खरं.

बांधावरचा_लातूर

आमच्याकडे कारवानी. आजोबांच्या काळात लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात प्रत्येक वाडीत एखादं असायचं, केसाळ असलं तर पश्मी. तुमच्या बीगलच्या अगदी उलटा कारभार. कारवानी नाकाने नाही, डोळ्याने शिकार करतं. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, चिंचोळं तोंड. हाकाऱ्याने ससा ज्वारीच्या फडातून उठवला की कुत्रं सुटायचं आणि सरळ पळून पकडायचं. दोन मिनिटांत निकाल, आणि तोंडातून आवाज नाही. ससा वळला की यांचं वजन पुढे जातं, मग ससा बांधापलीकडे. म्हणून जोडीने सोडायचे, एक मागे, एक बगलेला.

हे सगळं ऐकीव आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार बंद आहे. अजूनही कोणी चोरून करत असेल तर तो गुन्हा आहे, धाग्यावर कोणी उत्साहात किस्से टाकू नका ही विनंती.

आमचा पश्मी आता फक्त ट्रॅक्टरमागे पळतो.

मार्क्वेटकर

@बांधावरचा, फारच सुंदर माहिती. उघड्या माळावर डोळ्याचं कुत्रं आणि दाट दलदलीत नाकाचं, हे सरळच आहे. आमच्या सीडरच्या जाळीत कारवानी सोडलं तर पहिल्या झाडावर आपटेल. आवाजाचा मुद्दाही तोच. दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, त्यामुळे कुत्र्याचा गळा हीच आपली नजर. प्रत्येकाचा सूर वेगळा, कुणी लांब हेल काढतं, कुणी तुटक तुटक. आवाज थांबला म्हणजे माग सुटला. तेव्हा माणसाने धावत मदतीला जायचं नाही. ससा बहुतेक वेळा आपल्याच खुणेवर थोडं मागे येऊन बाजूला लांब उडी मारतो. चांगली कुत्री सुटलेल्या जागेभोवती गोल फिरून पुन्हा धागा पकडतात. आपण मध्ये गेलो तर सगळी पाऊलवाट तुडवून टाकतो.

ठाणेकरीण_आणि_बंड्या

आमच्या बीगलचं नाव बंड्या. सातव्या मजल्यावर राहतो. बिस्किटाचा पुडा तिसऱ्या खोलीत उघडला तरी हजर, पण 'बंड्या, ये' म्हटलं की बहिरा. हा लेख वाचून कळलं की दोष आमच्या वळणात नसून जातीत आहे! प्रश्न: घरात वाढलेलं बीगल असं माग काढू शकेल का? (ठाण्यात नाही हो, उगाच कुतूहल.)

मार्क्वेटकर

काढेल. नाक तेच आहे. पण पिल्लू असताना ससा बघितलेला नसेल तर वेळ लागतो. इथे पिल्लांना आधी कुंपण घातलेल्या जागेत कॉटनटेलवर शिकवतात, मग जाणत्या कुत्र्याबरोबर रानात. खोल बर्फ ही शिकायची जागा नव्हे. पिल्लू दमतं आणि पुढच्या वेळी गाडीतून उतरायलाच नको म्हणतं. शिवाय बीगल दोन उंचींत येतात, १३ इंचांपर्यंतचे आणि १३ ते १५ इंचांचे. बर्फ फूटभराच्या वर गेला की लहान चणीचं कुत्रं पळत नाही, पोहतं.

बोलावल्यावर न येणं हा इथलाही राष्ट्रीय प्रश्न आहे. म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे हातातलं यंत्र कोटाच्या आतल्या खिशात.

विस्कॉन्सिनवासी

एका मुद्द्यावर असहमत. शून्याखाली वासच राहत नाही हे सरसकट खरं नाही. स्नोशू भुसभुशीत बर्फातून जातो तेव्हा अंगाने चर पाडत जातो, पोट आणि कुशी दोन्ही बाजूंना घासतात. वास त्या चरात साठतो आणि वारा तिथे पोचत नाही. आमच्याकडे उत्तर विस्कॉन्सिनमध्ये शून्याखाली ५ फॅरनहाइटलाही जुनी कुत्री तासन्‌तास चालवलेली मी बघितली आहेत. कॉटनटेलवर मात्र तुमचं बरोबर, तो अशा दिवशी बिळातून बाहेरच येत नाही.

दुसरं, लांडग्यांचा उल्लेख राहिला. यूपी आणि उत्तर विस्कॉन्सिन दोन्हीकडे लांडगे आहेत आणि माग काढणाऱ्या कुत्र्यांचा आवाज त्यांना लांबून ऐकू जातो. आमचं डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) शिकारी कुत्र्यांवर हल्ला झालेल्या भागांची सूचना आणि नकाशा टाकतं. आम्ही कुत्री सोडण्याआधी रस्त्याने गाडी हळू चालवून ताजे ठसे बघतो. लांडग्याचा ठसा दिसला की पुढे निघायचं, वाद नाही. कायोटी (कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) एकट्या कुत्र्याला त्रास देतात, पॅकला सहसा नाही.

मार्क्वेटकर

चराचा मुद्दा मान्य, पण अनुभवी कुत्र्यांपुरता. तरुण कुत्रं नाक चरात खुपसतं, नाकपुड्या भरतात आणि दहा मिनिटांत ते माग सोडून खारीकडे बघत बसतं. आजोबांना तुमचं म्हणणं सांगितलं. म्हणाले, 'त्याच्याकडे कुत्री चांगली आहेत, पण त्याच्या बोटांचं काय?'

लांडग्यांचं शंभर टक्के खरं. शिवाय हिवाळा हा सापळ्यांचाही हंगाम असतो. मानेभोवती आवळणारा सापळा कुत्र्याला काही मिनिटांत मारतो. तो उघडायचा कसा ते घरी बसून शिकून घ्या, खिशात दोरी आणि तारेसाठी चांगली पक्कड ठेवा. रानात गेल्यावर शिकायला वेळ नसतो.

शेपूटवाला_डॉक्टर

मिनेसोटात पशुवैद्य आहे, हिवाळ्यात दर सोमवारी दवाखान्यात शनिवार-रविवारची बीगलं येतात. काही गोष्टी लिहून ठेवतो.

बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे होतात, खडा अडकल्यासारखे. केस कापून ठेवा, निघण्याआधी पंज्यांना मेण लावा, दर थांब्याला बोटं फाकवून बघा. पार्किंगजवळच्या रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, ते चाटू देऊ नका. पण मला पंज्यांपेक्षा काळजी असते ती पोटाखालच्या भागाची. आखूड पायांमुळे पोट बर्फावर घासत राहतं, नराचं अंडकोश आणि मादीची स्तनाग्रं सोलवटतात, हिमदंश होतो. मालक पंजे बघतात आणि इथे बघतच नाहीत. घरी आल्यावर कुत्र्याला उताणं करून बघा. शेपटीचं टोक काट्यांत रक्ताळलेलं असतं, ते दिसतं भयंकर, पण बहुधा आपोआप बरं होतं.

पाणी. 'बर्फ खातंय की' हे चालत नाही. बर्फ वितळवायला अंगातली उष्णता जाते आणि तहान भागत नाही. थर्मासमध्ये कोमट पाणी, त्यात थोडं मटणाचं फिकं सूप टाकलं की नाटकं न करता पितात.

खाणं. मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी. भरल्या पोटी पळवू नका. दिवसभर पळणाऱ्या कुत्र्याला थंडीत नेहमीपेक्षा बरंच जास्त आणि चरबीयुक्त खाणं लागतं, मध्ये थोडं थोडं देत राहा. चांगलं पळणारं कुत्रं अचानक झोकांड्या खायला लागलं, नजर हरवली, थरथरलं तर रक्तातली साखर उतरली असं समजा. हिरड्यांना मध किंवा कॉर्न सिरप चोळा, गरम करा आणि डॉक्टरकडे आणा. मधाची छोटी बाटली खिशात असावीच.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ९९ च्या खाली गेलं तर धोका. ओलं झालेलं कुत्रं वाऱ्यात गाडीच्या उघड्या मागच्या भागात ठेवू नका. पेटीत घोंगडी नको, ती ओल धरते. गव्हाचा कोरडा पेंढा घाला, कुत्रं त्यात खड्डा करून बसतं.

आणि माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याला कधीही देऊ नका. दर वर्षी कोणीतरी देतंच.

सेंट_जॉन्सचा_पाहुणा

न्यूफाउंडलंडहून. इथे तर हा ससा मूळचा नव्हेच, १९ व्या शतकात बाहेरून आणून सोडला, आणि आता बेटभर त्याच्यामागे बीगल. इथले लोक सरळ 'रॅबिट' म्हणतात. समुद्रामुळे आमचा बर्फ ओला, त्यामुळे वासाचे चांगले दिवस तुमच्यापेक्षा जास्त, पण कडक थराचेही जास्त. सकाळी पाऊस, दुपारी गोठण, रात्री परत बर्फ. तीन थर एकावर एक.

एक चमत्कारिक गोष्ट बघितली. ससा पांढरा होतो तो थंडीमुळे नाही, दिवस लहान झाल्यामुळे. बर्फ उशिरा आला की नोव्हेंबरात तपकिरी रानात पांढरेशुभ्र ससे बसलेले दिसतात, त्यांना वाटतं आपण दिसत नाही. माझ्या घरमालकांनी त्या आठवड्यात बंदूक नेली नाही. म्हणाले, हे काही खरं नाही.

शिकागोतला_सदू

जबरदस्त धागा. एकदा बघायला यायचं आहे. परवाना लागतो का? मी एच-वनबीवर आहे, बंदुकीजवळ गेलो तर काही लफडं?

मार्क्वेटकर

नुसतं चालायला, बघायला परवाना लागत नाही. बंदूक हातात घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांचा जन्म १ जानेवारी १९६० चा किंवा त्यानंतरचा, त्यांना मिशिगनमध्ये शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो, मग परवाना. व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही, वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. पण धाग्यावर वाचून उडी मारू नका, आधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेत सशासाठी अडकू नये.

हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ मार्च. अंगावर बाहेरून नारिंगी हवंच, बघ्यानेही घालावं. कापसाचे मोजे नकोत, लोकर घ्या. स्नोशू बूट आमच्याकडे आहेत. आणि एक नियम: ससा दिसला तरी बोट दाखवून ओरडायचं नाही. कुत्री कुठे आहेत हे माहीत असल्याशिवाय आजोबा बंदूक खांद्याला लावत नाहीत, आणि कुत्री लगेच मागे असतील तर ससा जाऊ देतात. तेव्हा 'अहो गेला, गेला' केलंत तर परत नेणार नाहीत.

शिकागोतला_सदू

ठरलं, फेब्रुवारीत येतो. वकिलाला त्रास देत नाही, नुसता चालेन. रच्याकने, खायला कसा लागतो? रश्श्यात चालेल का?

मार्क्वेटकर

कॉटनटेल फिकट, कोंबडीच्या जवळचा. स्नोशू लालसर, चिवट, रानाचा वास असलेला. आजोबांच्या घरी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी मंद आचेवर बटाट्यांबरोबर शिजवतात. मी एकदा सुकं खोबरं-कांद्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून केला. आजोबांनी दोनदा वाढून घेतला आणि मग बाहेर जाऊन बर्फावर उभे राहिले.

शेपूटवाला_डॉक्टर

सदू, रश्श्याआधी एवढं वाच. सशांमध्ये टुलरेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, माणसाला होतो. सोलताना रबरी हातमोजे घालायचे, हाताला चीर असेल तर दुसऱ्याला सोलायला द्यायचं. यकृतावर पांढरे बारीक ठिपके दिसले तर तो ससा खायचा नाही, कुत्र्यालाही घालायचा नाही. उठवलेला ससा सुस्त होता, पळालाच नाही, तरी तेच. गोचिडी आणि पिसवा हा आजार पसरवतात, त्यामुळे कडक थंडी पडून गेल्यावर धोका कमी होतो, संपत नाही. आतपर्यंत १६५ फॅरनहाइट होईस्तोवर शिजवायचा. गोठवल्याने जिवाणू मरतात असं समजू नका.

शिकागोतला_सदू

हातमोजे घेऊन येतो. कांदा-लसूण मसालाही.